राखणीचा निरोप

मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी जांभळेवाडीच्या शाळेतली तिसरीची मुलं लगेच डबे उघडत नसत. आधी बाईंचे हात धुवायचे असत, आणि ते बघायला सगळी पोरं नळापाशी गोळा होत. उज्ज्वला गावडे बाई कोपरापर्यंत साबण लावायच्या, बोटांच्या बेचक्या घासायच्या, नखांच्या कडा घासायच्या. मुलं त्यांच्याबरोबर हवेतल्या हवेत हात चोळत सातचा पाढा म्हणायची. पाढा संपेपर्यंत नळ बंद करायचा नाही, असा नियम होता. मग बाई तोंडाला मास्क लावून वर्गाशेजारच्या छोट्या खोलीत जायच्या आणि दार आतून लावून घ्यायच्या. डबे त्यानंतर उघडायचे.

त्या खोलीत पंखा नव्हता. धूळ उडू नये म्हणून तो मुद्दाम काढला होता. भिंतीला एक खुंटी आणि खुंटीला पाण्यासारख्या द्रवाची पारदर्शक पिशवी. बाईंच्या पोटातून एक बारीक मऊ नळी बाहेर आलेली होती. आधी पोटातलं जुनं पाणी खालच्या पिशवीत उतरायचं, मग वरच्या पिशवीतलं नवं पाणी पोटात जायचं. नळीचं तोंड बंद करून, साडी सारखी करून बाई परत फळ्यासमोर उभ्या राहायच्या.

“बाई, तुम्ही पोटात पाणी का घालता?” त्या वर्षी नव्यानं शाळेत आलेल्या समृद्धीनं एकदा विचारलं.

बाईंनी तेव्हा उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरून दोन कैऱ्या, सुरी आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. कैरीच्या फोडी बशीत मांडून त्यांनी वर साखर पेरली आणि गणिताचा तास घेतला. तास संपल्यावर सगळ्यांना बशीभोवती बोलावलं.

“काय दिसतंय?”

“पाणी सुटलंय!”

“मी घातलं का पाणी?”

“न्हाई. साखरेनं ओढलं.”

“बरोबर. आता ऐका. आपल्या पाठीत दोन बाजूंना दोन मूत्रपिंडं असतात. ती रक्तातला कचरा आणि जास्तीचं पाणी गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. माझी दमली. कामावरून निवृत्त झाली.”

“पेन्शन मिळती त्यास्नी?” मागून कुणीतरी विचारलं, आणि बाईच आधी हसल्या.

“मिळते ना, तीच तर ही पिशवी. पोटात आतड्यांभोवती एक पातळ ओला पडदा असतो. कांद्याचा आतला पापुद्रा बघितलाय? तेवढा नाजूक. त्याचं नाव उदरपटल. त्याच्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. मी पोटात साखरेचं पाणी सोडते. साखर काय करते?”

“वडते!”

“रक्तातलं जास्तीचं पाणी त्या पडद्यातून ओढून घेते, आणि त्याच्याबरोबर कचराही येतो. मग ते पाणी काढून टाकायचं, नवं भरायचं. दिवसातून चार वेळा.”

“म्हंजे बाईंच्या पोटात मुरांबा हाय!”

वर्ग खदखदला. समृद्धी मात्र हसली नाही. “आणि पडदा खराब झाला तर?”

“त्याला एकच भय असतं. जंतूंचं. नळीतून जंतू आत गेले की गोड पाण्यात त्यांची चंगळ. म्हणून तर सातचा पाढा.”

पडदा खराब झाला तर पुढे काय, हे बाईंनी मुलांना सांगितलं नाही, पण त्यांना स्वतःला ते नीट माहीत होतं. मग रक्तच शरीराबाहेर काढून यंत्रातून धुवावं लागतं. ते यंत्र कोल्हापूरला. आठवड्यातून तीन वेळा तिथं जाऊन अर्धा दिवस पडून राहायचं, आणि जांभळेवाडी चंदगडच्या पार टोकाला, काजूच्या बागांच्या पल्याड. म्हणजे शाळा सोडून शहरातच राहायचं. पोटातल्या त्या पापुद्र्याच्या जोरावर बाई अजून शिकवत होत्या. दर पंधरवड्याला औषधांचं ड्रोन शाळेच्या मैदानात पिशव्यांची खोकी उतरवून जायचं, आणि ती उचलून खोलीत लावायला पोरांची झुंबड उडायची.

एक काळ असा होता की, या रोग्यांना जंतूंची चाहूल स्वतःच्या डोळ्यांनीच घ्यावी लागे. पोटातून निघालेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसलं की दवाखान्याकडे धावायचं. पण पाणी गढूळ दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असे. आता नळीच्या पोटातल्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी एक चकती बसवलेली असायची. रात्रंदिवस ती आसपासचं पाणी चाखत राहायची. शरीर जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या जमू लागल्या, किंवा जंतूंनी सोडलेले रासायनिक माग सापडले, की चकती फोनवर सूचना धाडायची. पोट दुखायला लागण्याच्या आदल्या दिवशीच! पहिली सूचना पिवळी. म्हणजे सुरुवात आहे, केंद्रात या, पिशवीत प्रतिजैविक घालू. दुसरी लाल. पिवळीवर धावलेल्या बहुतेकांचे पडदे वाचत. या भागात त्या चकतीचं नाव पडलं होतं राखण. रानडुकरांपासून पिकाची करतात, तशी.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या केंद्रातल्या शबाना मुजावर सिस्टरांनी बाईंची राखण सुरू करून दिली होती. त्या वेळी बाईंबरोबर त्यांचा मुलगा ऋतुराज होता आणि थोरले दीर तात्या होते. बाईंचे यजमान जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

“निरोप कुणाच्या फोनवर पाठवायचा?” सिस्टरांनी विचारलं.

“माझ्या,” ऋतुराज म्हणाला.

“दोघांच्याही जाईल की. बाईंच्या आणि तुमच्या.”

“कशाला?” तात्या म्हणाले. “पेशंटला कशाला घोर लावायचा? आमी हाय की बघायला.”

सिस्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई हसून म्हणाल्या, “तसाही मी वर्गात फोन ठेवत नाही. द्या याचाच नंबर. मला नको ती कटकट.”

आपल्याकडे असंच असतं. ज्याचं दुखणं त्याला सोडून बाकी सगळ्यांना ते सांगितलं जातं, आणि यात कुणालाच काही चुकीचं वाटत नाही. बाईंनाही वाटलं नाही. मुलगा काळजी घेतो याचं त्यांना बरंच वाटलं.

मुलीचं, सानिकाचं लग्न वैशाखात ठरलं. नवरा मुलगा डेन्मार्कला पवनचक्क्यांच्या कंपनीत होता. लग्न होऊन आठवड्याच्या आत दोघांनाही तिकडे जायचं होतं. लग्न दारात मांडव घालून करायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण झालं ते कन्यादानाच्या पाटावरून.

“मी आणि तुझी काकी बसतो,” तात्या सानिकाला म्हणाले. “रीतच हाय तशी.”

“आई आहे ना,” सानिका म्हणाली.

विधवा बाईनं कन्यादानाला बसायचं नाही, हे तोंडानं म्हणणं तात्यांनाही जड गेलं असावं. बाईंनीच मग विषय काढला.

“भाऊजी, बायको वारलेला माणूस बसतो ना कन्यादानाला? कमरेला सुपारी लावून?”

“बसतो. सुपारी म्हंजे बायकोच्या जागी.”

“मग मीही लावते सुपारी. नवऱ्याच्या जागी.”

“आपल्या गावात अजून कोण बसलं न्हाई तसं.”

“पहिलं कुणीतरी बसायलाच हवं की.”

“आई बसणार नसेल तर मी कचेरीत सही करून मोकळी होते,” सानिका म्हणाली. “मांडवाचे बांबू परत पाठवा.”

हा वाद महिनाभर चालला. काकी बाईंच्या बाजूनं झाल्या, तेव्हा कुठं तात्या नमले. पण नमताना म्हणाले, “बस बाई. पर एक सांगतो उज्ज्वला, एकदा बसलीस की मधनं उठायचं न्हाई. निम्मा गाव जेवायला येणार, निम्मा तू कुठं चुकतीस ते बघायला.”

लग्नाच्या आदल्या सकाळी देवक बसलं. पंचपालवीची डहाळी मांडवात आली, बाईंनी कमरेला सुपारी खोचून पूजा केली. देवक बसलं की ते उठेपर्यंत त्या घरात सोयरसुतक धरत नाहीत, वाईट बोलत नाहीत आणि घरचं माणूस वेस ओलांडत नाही. दुपारी हळद होती. अंगणात बायका सानिकाला हळद लावत होत्या. ऋतुराज मागच्या दारी आचाऱ्याला तेलाचे डबे काढून देत असताना त्याच्या खिशात फोन थरथरला.

पिवळी सूचना. उदरपटलात संसर्गाची सुरुवात. आजच केंद्रात यावे.

त्यानं ती पुन्हा वाचली. मग आचाऱ्याला तसंच सोडून तो तात्यांना शोधत मांडवात गेला आणि त्यांना बाजूला घेऊन फोन दाखवला.

“केंद्रात गेलं की ठेवून घेतात,” तो म्हणाला. “कमीत कमी दोन दिवस.”

“म्हंजे उद्याचं गेलं.”

“गेलं.”

तात्यांनी अंगणात पाहिलं. उज्ज्वलाबाई बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. कुणीतरी त्यांच्या गालाला हळद फासली होती आणि त्या कोपरानं ती पुसत हसत होत्या.

“दुखतंय का तिला?”

“तसं काही बोलली नाही.”

“पिवळं म्हंजे काय, सुरवात. लाल असतं तर गोष्ट येगळी.” तात्या खरोखरच समजुतीच्या सुरात बोलत होते. “ऋतू, देवक बसलंय. आता तिला उठवलंस तर गाव म्हणंल, बघा, देवाला चाललं न्हाई. जल्मभर तेच ऐकावं लागंल तिला. उद्या अक्षता पडल्या, पोरगी गाडीत बसली, की आपण लगेच निघू. मी सोता येतो.”

ऋतुराजला हे पटलं, असं म्हणणं सोपं होईल. खरं तर त्याला पटवून घ्यायचं होतं. आईनं भांडून मिळवलेला पाट त्याच्याच हातानं काढून घ्यायला त्याचा जीव होईना. सूचनेखाली ‘दखल घेतली’ असं लिहिलेलं एक बटण होतं. ते दाबलं की केंद्राला कळायचं, घरचे निघालेत. त्यानं ते दाबलं.

त्याच दुपारी बाई कोठीच्या खोलीत पाणी बदलायला बसल्या. बाहेर ताशा चालू होता. उतरलेली पिशवी त्यांनी नेहमीसारखी उचलून धरली. एरवी पिशवीच्या मागे धरलेल्या तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसायच्या. आज त्या पुसट दिसल्या. पाण्यात जणू कुणी चिमूटभर पीठ कालवलं होतं. खोलीत उजेड कमी होता. त्यांनी पिशवी झरोक्याजवळ नेली. तिथंही तसंच.

पोटात ओढ लागल्यासारखं वाटत होतं, पण सकाळपासून उपास होता, धावपळ होती. मग त्यांच्या मनात आलं, राखण आहे की. आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांपेक्षा ती शहाणी. काही असतं तर ऋतूच्या फोनवर एव्हाना आलं असतं, आणि तो धावत आला असता.

बाहेर आल्यावर दारात ऋतुराज भेटला.

“काय रे, राखण काय म्हणतेय?” त्यांनी गालावरची हळद पुसत विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “झोपलीय.”

“झोपू दे बिचारीला,” बाई म्हणाल्या आणि बायकांत निघून गेल्या.

त्या हसत गेल्या म्हणून ऋतुराजचा जीव भांड्यात पडला. आई बरी दिसते, म्हणजे यंत्र जरा जास्तच हळवं असणार. तो ‘काही नाही’ म्हणाला म्हणून बाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपले डोळेच फसले असणार. एकमेकांच्या गप्प राहण्यावर दोघांनी विश्वास टाकला, आणि त्या दोघांच्या मध्ये, पोटाच्या उबेत, जंतू दुपटीनं वाढत राहिले.

लग्नाच्या दिवशी सकाळीच लाल सूचना आली. पाठोपाठ केंद्रातून शबाना सिस्टरांचा फोन.

“काल पिवळी होती. तुम्ही दखल घेतलीत, पण आला नाहीत. कुठं आहात?”

मांडवात सनई चालू होती. ऋतुराज गोठ्यामागे गेला. “निघालोय,” तो म्हणाला.

“किती वेळ लागेल? मी औषध काढून ठेवते.”

“निघालोय सिस्टर, वाटेत आहे,” असं म्हणून त्यानं फोन बंदच करून टाकला.

कन्यादानाच्या वेळी उज्ज्वलाबाई पाटावर ताठ बसल्या होत्या. गाव खरोखरच बघायला लोटला होता. भटजींनी सांगितलं तसा त्यांनी लेकीचा हात हातात घेतला. पाण्याची धार पडली आणि सानिका दचकली.

“आई, हात किती तापलाय तुझा!”

“होम पेटलाय समोर. तापेल नाही तर काय?”

“आई, खरंच—”

“गप. लोक बघताहेत.”

त्या एकदाही मधून उठल्या नाहीत. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. ऊन उतरता सानिका गाडीत बसली. गाडी काजूच्या बागेआड जाईपर्यंत बाई हात हलवत उभ्या होत्या. मग त्या वळल्या, मांडवाचा बांबू धरला आणि तिथंच दुमडून खाली बसल्या. पोट लाकडासारखं घट्ट झालं होतं.

तालुक्याच्या केंद्रात रक्तदाब सापडेना, म्हणून त्यांना तसंच कोल्हापूरला हलवलं. रुग्णवाहिकेत शबाना सिस्टर सोबत होत्या. वाटेत ऋतुराजनं त्यांना सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. ऐकून झाल्यावर सिस्टरांनी सलाइनचा वेग वाढवला.

“मला फोन करायचा होता,” त्या मग म्हणाल्या.

“तुम्ही ठेवून घेतलं असतं ना तिला. लग्न—”

“लग्न होतं हे मला सांगायचं होतं. मी औषध घेऊन मांडवात आले असते. पिशवीत इंजेक्शन घालायला कितीसा वेळ लागतो? बाई पाटावर बसल्या असत्या, मी पंगतीत बसले असते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऋतुराजला सोसेना. “तुम्ही विचारलंतच नाही.”

पुढचे काही आठवडे अतिदक्षता विभागात गेले. पाच दिवस प्रतिजैविकं देऊनही पाणी निवळलं नाही, तेव्हा नळी काढावी लागली. नळी काढल्यावर पोटात पू साठला, म्हणून पोट उघडून धुवावं लागलं. मग एका दुपारी डॉक्टर आश्लेषा शिरोळकरांनी ऋतुराजला समोर बसवलं. त्या सावकाश बोलायच्या.

“जीव वाचला. हे आधी ऐका. आता दुसरं. पडद्याला मोठी जखम झाली की शरीर ती घाईघाईनं बुजवतं. बुजवताना एकाला दुसरं चिकटवतं. त्यांच्या आतड्यांची वेटोळी एकमेकांना आणि पडद्याला चिकटली आहेत. पडदा जाड झालाय, जागोजागी व्रण आहेत. त्यातून आता काही गाळलं जाणार नाही.”

“नवी नळी बसवता येईल ना? सहा महिन्यांनी?”

“पुष्कळांना येते. यांना नाही येणार. नळी बसवायला आत मोकळी जागाच उरली नाही. पुढेही त्यांना जपावं लागेल. चिकटलेल्या जागी आतडं अडू शकतं, पोट फुगतं, उलट्या होतात. हा पडदा पुढच्या काही वर्षांत आणखी आवळत जातो का, तेही बघत राहावं लागेल.”

“पिवळी आली तेव्हाच आणलं असतं तर?”

“जंतू वाईट होता. तेव्हा आणूनही काही जणांचा पडदा जातो. बहुतेकांचा वाचतो. त्यांचा वाचला असता की नाही, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही येणार.”

ऋतुराजला वाटलं, त्यांनी स्पष्ट ‘हो’ म्हणायला हवं होतं. निदान काहीतरी हातात आलं असतं.

उज्ज्वलाबाईंना उठून बसता येऊ लागलं, तेव्हा त्यांच्या मानेजवळच्या मोठ्या शिरेत दुसरी नळी होती आणि आठवड्यातून तीन वेळा त्यांचं रक्त यंत्रातून धुतलं जात होतं. हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्यानं बघून ठेवली होती. सुट्टी संपली की शाळेत नवीन बाई येणार होत्या. मुख्याध्यापकांचा फोन आला होता की छोट्या खोलीची किल्ली पाठवा, तिथं नकाशे ठेवायचेत. घाई नाही, पण पावसाच्या आत.

त्या दिवशी ऋतुराजनं आईला सांगितलं. पिवळी, लाल, बटण, सिस्टरांना मारलेली थाप, रुग्णवाहिकेतलं सिस्टरांचं बोलणं. सांगताना तो खाटेच्या लोखंडी कडेकडे बघत होता.

“राखण झोपली नव्हती,” तो म्हणाला.

बाईंनी पांघरुणाची कड सारखी केली. मग म्हणाल्या, “मला दिसलं होतं रे.”

“काय?”

“हळदीच्या दुपारी. पिशवीतून माझ्या हाताच्या रेषा दिसेनात.”

ऋतुराजनं मान वर केली. “मग बोलली का नाहीस?”

“विचारलं की तुला.”

बाई थांबल्या नाहीत. आयुष्यभर मुलांना खरं उत्तर येईपर्यंत थांबायला लावलेल्या त्या बाई होत्या. स्वतःला त्यांनी सोडलं नाही.

“नुसतं विचारलं. तुझ्या तोंडाकडे बघून नाही विचारलं. बघितलं असतं तर तुझी थाप मला कळली असती. लहानपणापासून कळते. मला ‘काही नाही’ हेच ऐकायचं होतं, म्हणून मी हळद पुसत विचारलं.” त्यांनी दमून डोळे मिटले. “यंत्रानं खरं सांगितलं. डोळ्यांनी खरं सांगितलं. आपणच दोघं लबाड निघालो.”

“तात्या रोज फोन करतात. रडतात.”

“रडू देत. त्यांना सांग, पाटावर मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “बसले ते बरंच केलं, ऋतू. त्याचं वाईट वाटत नाही. पण बसण्यासाठी गप्प राहायची गरज नव्हती, याचं फार वाटतं. सिस्टर मांडवात आल्या असत्या म्हणे.”

“हो.”

“काय छान झालं असतं! पोरांना सांगण्यासारखी गोष्ट.”

तेवढ्यात ऋतुराजचा फोन वाजू लागला. सानिका. तिला एवढंच सांगितलं होतं की, आईला ताप आहे, जरा अशक्तपणा आहे, म्हणून विश्रांती चालू आहे. ती रोज व्हिडिओवर आई दाखव म्हणायची आणि ऋतुराज रोज इथं रेंज नाही म्हणायचा.

बाईंनी घाईनं हात हलवला. “तिला काही सांगू नकोस. नवं घर, परका देश. तिथून काय करणार आहे ती? उगाच जिवाला घोर.”

फोन वाजत राहिला. ऋतुराज आईकडे बघत होता.

“आई, अगदी हेच शब्द होते,” तो म्हणाला. “आम्ही तुझ्याबद्दल हेच म्हणालो होतो.”

बाईंचा हात हवेतच राहिला. फोन बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. ऋतुराज उठला आणि तो वाजता फोन त्यानं आईच्या मांडीवर ठेवला.

“तुझी तब्येत आहे. उचलायचा की नाही, काय सांगायचं, तू ठरव. तुझ्या वतीनं मी आता काही बोलणार नाही.”

बाईंनी फोनकडे पाहिलं. खिडकीबाहेर रस्त्यावर कुठल्यातरी उन्हाळी शिबिराची बस थांबली होती, मुलं ओरडत उतरत होती. त्यांनी बोट पुढं केलं, मागं घेतलं आणि मग हिरव्या खुणेवर टेकवलं. कॅमेरा बंद ठेवायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण त्यांनी तो बंद केला नाही.

पलीकडे सानिकाचा चेहरा उमटला. पाठीमागं पांढरी भिंत, हातात कसलीतरी पिशवी, नुकतीच बाहेरून आल्यासारखी. आईच्या मानेजवळची नळी तिला लगेच दिसली नसावी.

“अगं आई! हा ऋतू उचलत का नाही? सगळं ठीक आहे ना?”

‘हो गं, अगदी ठीक’ हे शब्द बाईंच्या ओठांवर तयार होते. आयुष्यभर ते आपोआप येत आले होते. बाईंनी ते गिळले. मग फोन जरा वर धरला, लेकीच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि वर्गात एखादी अवघड गोष्ट सुरू करताना बोलायच्या तशा शांत आवाजात म्हणाल्या,

“सानू, तू आत्ता उभी आहेस की बसलीयस?”